लांब पल्ल्याची रायफल आणि घरी काडतूस भरणं: सोलापुरातून सुरुवात कशी करू?

माळरान_नान्नज

नमस्कार मंडळी. वय २५, गाव सोलापूर-बार्शी रोडला, नान्नजच्या अलीकडे. घरची सात एकर, त्यात ज्वारी आणि थोडा कांदा.

आजोबांकडे .३१५ ची रायफल होती, परवान्याची. दसऱ्याला ते ती खाली काढायचे, नळीतून तेलाचा बोळा फिरवायचे आणि मग शस्त्रपूजेला ठेवायचे. त्या तेलाचा वास अजून नाकात आहे. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. चुलत्यांनी रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली, ती तिथंच आहे.

गेलं वर्षभर मी रात्री अमेरिकेतले व्हिडिओ बघतोय. ६.५ क्रीडमूर, .३०८ या काडतुसांच्या रायफली, सातशे-आठशे मीटरवरून हरणाची शिकार. त्याहून जास्त मला ओढ लागली ती काडतूस घरी भरण्याची. माणूस टेबलाशी बसतो, एकेक पुंगळी साफ करतो, दारू काट्यावर तोलतो, वर गोळी बसवतो. हे काम मी तासन् तास करू शकेन असं मनापासून वाटतं.

तर सुरुवातीला कुठली रायफल घ्यावी? काडतूस भरायचं यंत्र बाहेरून मागवता येतं का? आणि रात्री आमच्या ज्वारीत डुकरं येतात, त्यांच्यावर सराव केला तर चालेल का? घरात विचारायची सोय नाही, आई नुसतं बंदुकीचं नाव काढलं तरी उठून जाते. जाणकारांनी सांगावं.

मोहोळचा_शेतकरी

भावा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घे. डुकरावर सराव अजिबात करू नकोस. मीही डुकरांनी हैराण झालेलाच माणूस आहे, मागच्या साली अर्धा एकर मका एका रात्रीत लोळवला, त्यामुळं हे वरवर बोलत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानं शिकार बंद आहे, हौसेची तर पूर्णच. पीक नासणाऱ्या डुकराबाबत त्याच कायद्याच्या कलम ११ खाली वन विभाग लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगी मागायची असते, आपण होऊन घ्यायची नसते. नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळव, पंचनामा करून घे, भरपाईचा अर्ज टाक. आणि तू राहतोस कुठं ते बघ. माळढोकच्या अभयारण्याला लागून! १९७९ पासूनचं अभयारण्य आहे ते. अंधारात डुक्कर म्हणून झाडलेली गोळी काळविटाला लागली तर ते पहिल्या अनुसूचीतलं जनावर, तीन ते सात वर्षं आत. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरभर लांबच्या वस्तीवरसुद्धा जाते, हे तर वेगळंच.

आजोबांच्या रायफलीसाठी वारस म्हणून अर्ज करता येतो. तू ग्रामीणमध्ये येतोस, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. शहरात असतास तर पोलीस आयुक्त. चुलत्यांना आणि बाकी वारसांना विचारून, त्यांची संमती घेऊन कर, नाहीतर भाऊबंदकीत ते लोखंड गंजून जाईल. काडतुसं भरण्याचं मला कळत नाही. आमच्या आज्याकडं ठासणीची बंदूक होती पीक राखायला, ती दर बाराला वरून दारू, बोळा, छर्रे असं ठासावी लागायची. माझं ज्ञान तिथपर्यंतच.

सूतमोज्या

तुझा प्रश्न दोनदा वाचला. काडतूस भरण्यावर मोहोळकरांनी लिहिलं नाही, ते मी लिहितो. थोडं लांबेल.

मी सोलापुरातल्या एका सूतगिरणीत २७ वर्षं टेस्टिंग लॅबमध्ये होतो. आता निवृत्त आहे. मुलगी दहावीत असताना तिला एअर रायफलची गोडी लागली, तिच्यामागं फिरता फिरता मीही शिकलो. बालेवाडीच्या रेंजवर तिच्यासोबत किती रविवार काढले त्याची गणती नाही. पहाटेची गाडी धरायची, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

आधी कायदा, कारण इथं चूक परवडत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या आहे. त्यात तयार काडतूस येतंच, पण काडतुसाचे सुटे भाग येतात आणि काडतूस तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे व्हिडिओत टेबलाला बसवलेलं ते दाबयंत्र दिसतं ना, ते कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा. कुरिअरनं मागवलंस तर तिथपासूनच गुन्हा. आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. हौसेनं केलं असं सांगून सुटका नाही. तू बघितलेली .३०८ पण इथं मिळायची नाही. ती ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाच्या घरातली, आपल्याकडं .३०३ आणि ७.६२ हे निषिद्ध बोअर, म्हणजे नळीची मापं. तुझ्या आजोबांकडं .३१५ होती ती उगाच नव्हे, सामान्य परवानाधारकाला मिळणाऱ्या मोजक्या रायफलींपैकी ती एक.

आता जे सांगतो ते लिहायला मला आजही जड जातं. माझा आतेभाऊ. त्याच्याकडं परवान्याची बारा बोअर होती. १९८६ च्या दिवाळीत काडतुसं महाग झाली म्हणून त्यानं रिकाम्या पुंगळ्यांत फटाक्यांची दारू भरली. दोन बार नीट उडाले. तिसऱ्याला नळी कुलपाजवळ, म्हणजे मागच्या टोकाशी, फाटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी त्याला रिक्षात घालून नेलं, त्याचा हात माझ्या धोतराच्या पदरात गुंडाळलेला होता. आज तो सत्तरीला आला आहे, भाकरी मोडताना अजून उजव्या हाताकडं वळतो.

हे का झालं, ते मला पुढं बरंच वाचल्यावर कळलं. रायफलीची बिनधुराची दारू स्फोट पावत नाही, ती पृष्ठभागावरून जळत जाते. दाण्याचा आकार आणि त्यावरचा लेप यांवर ठरतं किती वेगानं जळायचं ते. गोळी नळीत पुढं सरकते, मागं जागा वाढते, त्या जागेत दाब हळूहळू धरला जातो. फटाक्याची दारू हे जुमानत नाही. छर्रे जागचे हलायच्या आधीच ती सगळी पेटलेली असते, मग दाबाला बाहेर पडायला वाट उरत नाही. मोटारीच्या टायरात ३०-३५ पीएसआय हवा असते. बारा बोअरची कमाल मर्यादा साधारण ११,५००. .३०८ ची ६२,०००. हा दाब तुझ्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो. अमेरिकेत जे लोक भरतात ते कंपनीनं छापलेल्या तक्त्याच्या बाहेर जात नाहीत, कमी भारापासून सुरू करून एकेक पायरी चढतात, दर पायरीला रिकामी पुंगळी आणि तिच्या बुडातली टोपी, म्हणजे दारूला ठिणगी देणारा भाग, तपासतात. व्हिडिओत हा भाग फार लवकर निघून जातो.

पण तुला त्या टेबलाची ओढ का लागली ते मला कळतंय, म्हणून खरं तर लिहायला बसलो.

गिरणीत आम्ही १२० वाराची ली, म्हणजे सुताची लड, काढायचो आणि काट्यावर टाकायचो. वजन ग्रेनमध्ये. १००० ला त्या वजनानं भागलं की सुताचा नंबर. २० नंबरच्या सुताची ली ५० ग्रेन भरायची, ४० नंबरची २५. आणि काडतुसातली दारू, त्यावरची गोळी, हेही जगभर ग्रेनमध्येच तोलतात! तोच ग्रेन, एका पौंडात ७०००. पहिल्यांदा छर्र्यांच्या डबीवर ‘८.२ ग्रेन’ वाचलं तेव्हा मला गिरणीतल्या काट्याशी परत उभं राहिल्यासारखं झालं.

सुतात सरासरी नंबर बरोबर येऊन भागत नाही. एक ली ४८ आणि दुसरी ५२ भरली तर सरासरी ५० च येते, पण त्या सुताची चादर विणली की पट्टे दिसतात. म्हणून आम्ही सीव्ही काढायचो, म्हणजे विखुरणं किती ते. काडतूस घरी भरणाऱ्याचं सगळं काम हेच आहे. एकदा उडालेली पुंगळी त्या नळीच्या कोठीएवढी फुगते, तिला साच्यात घालून मापात आणायचं, लांबी कापून सारखी करायची, नवी टोपी, दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलून, गोळी प्रत्येकात तेवढ्याच खोलीवर. कशासाठी? तर प्रत्येक गोळी त्याच वेगानं बाहेर पडावी. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर १०० मीटरवर तो छिद्रांत दिसणारही नाही. १००० मीटरवर तीच गोळी तीसेक सेंटिमीटर वरखाली जाते. लांब पल्ला म्हटल्यावर हे भरणं येतंच, ते यामुळं.

तर हे काम तू सोलापुरात, कायद्यात राहून, उद्यापासून करू शकतोस. छर्र्यांवर.

४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल, तिला परवाना लागत नाही. ऑलिंपिकची १० मीटरची रायफल याच वर्गातली. तिचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, बाहेर पडतो सेकंदाला १७०-१७५ मीटरनं. म्हणजे आठेक ज्यूल. छर्र्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा डबीवर लिहिलेला असतो आणि प्रत्येक नळीला एखादंच माप मानवतं. कुठलं ते आधी कुणी सांगू शकत नाही. रायफल शिकंज्यात घट्ट धरून प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे मारायचे, छिद्रांचा घोळका मोजायचा. मुलीच्या रायफलीला ४.५० नीट बसायचा. त्याच कंपनीचा ४.४९ घेतला की घोळका दीडपट व्हायचा. मी सराफाकडचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा आणला आणि ५०० ची डबी रात्री दोन वाजेपर्यंत तोलत बसलो. वजनाचे ढीग केले, ज्यांचा स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, दबलाय ते वेगळे काढले. चांगल्या डबीत वजनानं फारसा फरक पडत नाही हेही त्यातूनच कळलं. दबलेला स्कर्ट मात्र दर वेळी दगा देतो. सांगायचं एवढंच, की ते टेबल, तो काटा, ती वही, सगळं तुला मिळेल.

पुढं ५० मीटरला गेलास तर तिथं .२२ चं रिमफायर काडतूस, त्याला वेगळी टोपी नसते, ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच असतो, म्हणून ते कुणालाच परत भरता येत नाही. मग मोठे नेमबाज काय करतात? एकाच कारखान्याच्या एकाच प्रतीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघतात आणि जो लॉट जुळतो त्याच्या पेट्या वर्षभरासाठी घेऊन ठेवतात. आम्ही कापसाच्या गाठी जशा लॉटनं तपासायचो तसंच.

तुला वाटेल १० मीटर म्हणजे खेळणं. मलाही आधी तसंच वाटायचं. म्हणून हिशेब करून बघ. निशाणाच्या मधलं १० चं टिंब ०.५ मिलिमीटरचं. छर्रा ४.५ चा, टिंबाला नुसता टेकला तरी १०. म्हणजे छर्र्याचं केंद्र ५ मिलिमीटरच्या वर्तुळात पडलं पाहिजे. तोच कोन ५०० मीटरवर नेला तर वर्तुळ होतं २५ सेंटिमीटरचं. आपल्या घरच्या भाकरीएवढं. पाचशे मीटरवरची भाकरी, उभ्यानं, कशाचा टेकू न घेता, सव्वा तासात साठ वेळा. व्हिडिओतला माणूस पालथा पडून, दुपायी लावून, एक गोळी मारतो.

वारा आणि उष्णता १० मीटरला कळत नाहीत, ही उणीव मात्र आहे. .३०८ ची गोळी १०० मीटरला जुळवलेली असेल तर ५०० ला दोन मीटरहून खाली जाते आणि ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला अर्धा मीटर ढकलतो. आपल्याकडं मे महिन्यात ४३ अंश आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या पहाटे १३, एवढ्या फरकानं हवेची घनता जवळपास दहावा भाग बदलते, गोळीचा मार्ग त्याप्रमाणं वर-खाली होतो. हे तू नुसतं वाचून, वहीत मांडून शिकू शकतोस. नान्नजच्या माळावर उभं राहून कुसळी गवत कसं झुकतंय त्यावरून वारा ओळखायला तर काहीच लागत नाही. तू तिथंच वाढलास, तुझी नजर शहरातल्या पोरांपेक्षा आधीच तयार असणार.

एक मात्र पक्कं. एअर रायफल हातात आली की तिचं तोंड पाखराकडं जाता कामा नये. होला असो नाहीतर हिप्परग्याच्या तलावावरचं बदक. छर्र्यानं मारलं तरी ती शिकारच आणि जीव तोच.

माळरान_नान्नज

काका, आणि मोहोळचे दादा, दोघांचेही आभार. आतेभावाचं वाचून मोबाइल बाजूला ठेवला आणि थोडा वेळ अंगणात बसलो. खरं सांगतो, बाहेरून यंत्र मागवायचं पान उघडून पैसे भरायचंच बाकी होतं. ते बंद केलं.

शिकारीचंही सांगतो. आमच्या बांधावरून काळविटांचा कळप जातो तेव्हा मी मोटार बंद करून उभा राहतो. मग मला शिकार हवी होती का खरंच, तेच कळेना. बहुतेक ते टेबलच हवं होतं.

एक शंका आहे. हे सगळं शिकायला माझं वय उलटून गेलं का? तिथं बारा-बारा वर्षांची पोरं असतात म्हणे.

नेमधारी_अक्कलकोट

मी एनसीसीत असताना .२२ वर शिकले, आता शाळेत शिकवते आणि सुट्टीत स्पर्धा खेळते, राज्य पातळीपर्यंत गेले आहे. वयाचं म्हणशील तर स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं) कांस्य घेऊन आला तेव्हा २८ वर्षांचा होता, अंतिम फेरीत ४५१.४ गुण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करत होता. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पालथं पडून मारायच्या प्रकारातली) जगज्जेती झाली तेव्हा तिशीला टेकली होती. दोघंही कोल्हापूरकडचे, आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर. नेमबाजीत पळायचं नसतं, पंचविशी हे लवकरचंच वय.

रायफल लगेच घेऊ नकोस. स्पर्धेच्या परदेशी रायफली, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, आन्शुट्झ, सगळ्या लाखांत जातात. आधी क्लबची वापर. क्लबमार्फत राज्य संघटनेचा सभासद हो. जिल्हा, राज्य, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय असं ठरलेल्या गुणांवर वर जाता येतं. .२२ चा परवानासुद्धा खेळाडू म्हणून त्या वाटेनं मागता येतो आणि तेव्हा अर्जात लिहायला तुझ्याकडं काहीतरी असतं.

पहिला महिना छर्रा न घालता सराव कर. मी शिकले तेव्हा आमच्या उस्तादांनी सहा आठवडे छर्रा दिलाच नाही, कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून घोडा दाबायला लावलं. मी रडकुंडीला आले होते. पण घोडा सुटताना माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचं नेम धरायचं साधन, हलते की नाही ते फक्त कोऱ्या भिंतीवरच दिसतं. निशाण समोर असलं की डोळा निशाणाकडं पळतो.

सूतमोज्या

ताईंनी भिंतीचं सांगितलं ते अगदी खरं. माझ्या मुलीचं अजूनही तेच चालू आहे.

पोरा, घराच्या मागं पत्र्याची शेड आहे आमची, पूर्व भागात. वडिलांचे दोन माग होते तिथं. ते गेल्यावर मी त्याच शेडमध्ये १० मीटरची पट्टी आखली. शेवटाला लोखंडी पेटी, तिच्यामागं वाळूची पोती आणि बाजूचं दार आतून कडी लावून बंद. मुलीची जुनी रायफल तिथंच आहे. तुला व्यक्तिगत निरोप टाकतो, रविवारी सकाळी ये. जाड तळव्याचे बूट नको, सपाट घाल. रात्री जागू नकोस आणि येताना चहा पिऊ नकोस, हात थरथरतात.

एक पाठपोट वही आण. दर बारानंतर, निशाणाकडं बघण्याआधी, छर्रा कुठं गेला असेल ते लिहायचं. मग बघायचं आणि शेजारी खरं लिहायचं. त्या दोन रकान्यांतलं अंतर कमी होत जाणं, पहिलं वर्ष आपण तेवढंच मोजू.

आणि जमलं तर आईला घेऊन ये. आमची ही घरी असते, दोघी बसतील. शेडमध्ये पेटी, पोती, कडी सगळं तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

माळरान_नान्नज

आई येते म्हणाली. पहिल्या एसटीनं येतो. ज्वारीचा हुरडा आलाय, थोडा घेऊन येतो.